तांब्याचं तोंड



बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. डाव्या डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, त्यामुळे महिनाभर मुलाने संगणकाजवळ फिरकू दिलं नाही. मध्यंतरी ताईचा फोन आला, "तुझं ते लिहिणं बंद पडलं की काय गं?" म्हणून. बरं वाटलं. एक वाचक तरी पक्का आहे म्हणायचा! पट्टी निघाल्यावर पहिली गंमत अशी झाली, की स्वयंपाकघराची जी भिंत मी गेली दोन-तीन वर्षं पिवळट समजत होते ती चक्क पांढरी निघाली. सुनेला म्हटलं, "हा रंग कधी दिलात?" तर ती हसायलाच लागली.

असो. आजचा विषय डोळ्यांचा नाही. म्हणजे तसा आहेही.

आमची धाकटी नात इथे पुण्यात सातवीत आहे. परवा ती शाळेतून एक छापील कागद घेऊन आली. वर्षभरात चित्रकलेच्या तासाला जे जे केलं त्यावर 'रिफ्लेक्शन' लिहून आणायचं होतं. मी म्हटलं, "रिफ्लेक्शन म्हणजे आरशातलं प्रतिबिंब ना गं?" तर म्हणाली, "तसं नाही आजी, मागे वळून विचार करायचा." कागदावर चार प्रश्न होते. काय काय केलं? काय अवघड गेलं? काय शिकलात? आणि पुन्हा करायचं झालं तर काय वेगळं कराल? तिने कागदाच्या लगद्याचा मुखवटा केला होता, कापडी पिशवीवर वारली चित्र काढलं होतं आणि मातीचं एक घर केलं होतं. ते घर अर्ध्याहून अधिक तिच्या बाबांनी रात्री अकरा वाजता बसून केलं, हे मी पाहिलेलं आहे. तिने प्रत्येक प्रश्नापुढे एकेक ओळ लिहिली आणि कंटाळून म्हणाली, "आजी, तूच भर ना."

तिचा कागद मी भरला नाही. इतकी वर्षं मास्तरकी केल्यावर ते हातून होणं शक्य नाही. पण ते चार प्रश्न डोक्यातून जाईनात. म्हटलं, आपणही कधीकाळी चित्रकलेच्या तासाला बसलो होतो की. आपलं रिफ्लेक्शन कोणी मागितलं नाही, म्हणून लिहायचंच नाही असं थोडंच आहे? तर मंडळी, हा माझा कागद. जमा करायला छप्पन्न-सत्तावन्न वर्षं उशीर झाला आहे, तेवढा माफ करावा.

पहिला प्रश्न, काय काय केलं.

माझं माहेर मांडवगण फराटा, शिरूर तालुक्याच्या टोकाला, भीमेच्या काठावर. नदीपलीकडे दौंड तालुका, माझं सासर. १९६६ साली मी आठवीत गेले. तेव्हा मॅट्रिक अकरावीला असे, हे नव्या मंडळींसाठी सांगते. आमच्या चित्रकलेच्या गुरुजींना पूर्ण शाळेत एकच खोली आणि एकच कपाट होतं. उंट छाप रंगांची पेटी दहाजणांत एक. ती पुरायची नाही, म्हणून गुरुजींनी घरचे रंग करायला शिकवलं. तांबड्याला गेरू, पिवळ्याला हळद, निळ्याला कपड्यांची नीळ आणि काळ्याला कंदिलाच्या काचेवरची काजळी. थोडा बाभळीचा डिंक घालून खलायचं. हळदीचा रंग उन्हाने उडून जातो, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी रंगवलेलं झेंडूचं फूल खिडकीशी लावलं होतं, ते महिनाभरात फिक्कट पडलं.

एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या सरकारी रेखाकला परीक्षांची तयारी गुरुजी करून घेत. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन. स्मरणचित्राला ठरलेले विषय असत, म्हणजे बाजार, यात्रा, विहिरीवरची मोट, पावसात सापडलेली माणसं. मी वाघेश्वराच्या देवळासमोरची गर्दी काढली की सगळ्या माणसांची तोंडं पलीकडे असायची. तोंडं काढता येत नव्हती, दुसरं काय! आता माझ्या भाच्याची मुलं तिथेच शिकतात. ती स्मरणचित्रात उसाचं रान आणि त्यातून डोकावणारा बिबट्या काढतात. आमच्या वेळी बिबट्या पुस्तकातसुद्धा क्वचित असे. आता तो उसात असतो आणि संध्याकाळी पोरांना घराबाहेर सोडताना आयांचा जीव खालीवर होतो.

दुसरा प्रश्न, काय अवघड गेलं.

तांब्या. आजही सांगते, तांब्याइतकं अवघड काही नाही. गुरुजी टेबलावर पांढरं धोतर पसरायचे, त्यावर तांब्या-फुलपात्र आणि शेजारी दोन वांगी ठेवायचे. माझ्या तांब्याचं पोट बरं यायचं, पण तोंड नेहमी चुकायचं. मी ते वाटीने आखल्यासारखं गोल काढायची. चित्रात तांब्या कोणीतरी पुढे कलंडवल्यासारखा दिसायचा. तीन-चारदा खोडून कागदाला भोक पडायची वेळ आली, तेव्हा गुरुजी मागे येऊन उभे राहिले.

"पोरी, तांब्याचं तोंड कसं आहे?"

"गोल आहे, गुरुजी."

"ते तुला ठाऊक आहे. रोज पाणी भरतेस म्हणून. इथून दिसतंय कसं?"

मी पाहिलं. खरंच, गोल नव्हतं. चपटं, लंबगोल होतं. गुरुजींनी मला उभं केलं. उभी राहिल्यावर तोंड थोडं उघडलं. खाली जमिनीवर बसवलं, तर तोंड मिटून नुसती एक रेघ राहिली. तांब्या जिथल्या तिथेच, धोतराची घडीसुद्धा हललेली नाही. गुरुजी म्हणाले, "ठाऊक आहे ते काढू नकोस. दिसतंय ते काढ. आणि दिसत नसेल तर जागा बदल." बस्स, एवढंच बोलून ते पुढच्या बाकाकडे गेले.

एलिमेंटरीला मला 'सी' श्रेणी मिळाली आणि इंटरमिजिएटला 'बी'. याहून मोठा कलेतला पराक्रम माझ्या नावावर नाही.

तिसरा प्रश्न, काय शिकलात. इथे जरा रेंगाळते.

आमच्या गावाहून फार लांब नाही असं इनामगाव आहे, घोड नदीच्या काठावर. १९६८ साली तिथे पुण्याच्या डेक्कन कॉलेजने उत्खनन सुरू केलं. ह. धी. सांकळिया, म. के. ढवळीकर, अन्सारी अशी मोठी माणसं त्यात होती आणि ते काम १९८३ पर्यंत चाललं. पण आम्हाला तेव्हा काय कळणार? गावात बोलणं एवढंच, की पुण्याचे साहेब पांढरीच्या टेकाडात खापरं शोधतात आणि त्यासाठी रोजंदारी देतात. खापरं ती काय शोधायची? नांगरताना पायाला लागतात! लोक हसायचे.

गुरुजी मात्र सायकल काढून तिकडे गेले. परत आले ते वही भरून. आणि त्याच हिवाळ्यात एका रविवारी दहावीच्या आम्हा मुला-मुलींना दोन बैलगाड्यांतून घेऊन गेले. चौकोनी खड्डे, सुतळ्या बांधलेल्या, आणि एका बाजूला धुऊन वाळत घातलेल्या खापऱ्या. आईने वाळवण घालावं तशा. एकेका तुकड्यावर शाईने बारीक नंबर घातलेला. लालसर केशरी रंगाची पातळ खापरं आणि त्यावर काळ्या रंगात तिरप्या रेघा, जाळी, शंकरपाळ्यांची रांग. गुरुजींनी विचारलं, "हे काय आहे?" कोणीतरी म्हणालं, "खापर." गुरुजी म्हणाले, "तुमच्या परीक्षेतलं संकल्पचित्र आहे हे. तीन हजार वर्षांपूर्वी कोणीतरी हात न थरथरता काढलंय. तुम्हाला मोजपट्टी लागते."

या भांड्यांना जोर्वे पद्धतीची भांडी म्हणतात, संगमनेरजवळच्या जोर्वे गावावरून, हे मला पुष्कळ नंतर कळलं. इनामगावात इसवी सनापूर्वी साधारण सोळाशे ते सातशे या काळात शेतकऱ्यांची वस्ती होती. ते सातू पिकवत, त्यांनी पाण्यासाठी पाट खोदला होता. म्हणजे आपलेच लोक म्हणायचे, फक्त ऊस नव्हता.

पुढच्या आठवड्यात गुरुजींनी त्या खापरावरची नक्षी फळ्यावर काढली आणि म्हणाले, "ही घेऊन लुगड्याचा काठ करा." माझा काठ वर्गात बरा ठरला. घरी आईला दाखवला. आई शाळेत गेलेली नव्हती. तिने तो उलटसुलट करून पाहिला, काही बोलली नाही, आणि दिवाळीला उंबऱ्यापुढे तोच काठ रांगोळीत काढला. माझ्यापेक्षा सरळ! गुरुजी फराळाला आले होते, ते रांगोळीपाशी थांबून म्हणाले, "वहिनी, तुम्हाला 'ए' ग्रेड." आईला ग्रेड म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं, पण ती लाजली. ताई, तुला हे आठवत असेल.

आणि एक मातीचा बैल. आमच्याकडे पोळा भाद्रपदात असतो. त्याआधी गुरुजी नदीकाठची चिकणमाती आणवत, तिच्यात थोडा कापूस मळायला लावत आणि प्रत्येकाकडून बैल करून घेत. माझ्या बैलाची मान गळून पडायची. गुरुजींनी कडुनिंबाची एक काडी मोडून दिली. "मातीला आतून हाड द्यावं लागतं," म्हणाले. काडी पोटात खुपसून वर डोकं बसवलं आणि बैल उभा राहिला.

पुढे कधीतरी, मी नोकरीला लागल्यावर, वाचनालयातल्या एका पुस्तकात इनामगावच्या एका मूर्तीचं चित्र पाहिलं. एका घराच्या जमिनीखाली मातीची झाकणाची डबी सापडली. डबीत बाईची छोटी मूर्ती, तिला डोकंच नाही. डबीच्या वर आणखी एक मूर्ती, ती डोकं असलेली, आणि एक बैल. सगळं कच्च्या मातीचं, न भाजलेलं. बिनडोक्याच्या मूर्तीच्या पोटाला भोक आणि बैलाच्या पाठीवर भोक. दोन्हींत काडी घातली की देवी बैलावर बसते! मी वाचनालयात एकटीच हसले. एवढ्या मोठ्या विद्वानांनी लिहिलेलं वाचताना मला दिसत होती ती आमच्या गुरुजींची कडुनिंबाची काडी.

आता चौथा प्रश्न. पुन्हा करायचं झालं तर काय वेगळं कराल?

या प्रश्नापाशी मी दोन दिवस अडकले होते. कारण त्याचं उत्तर माझ्या विद्यार्थिनीच्या दिवसांत नाही, शिक्षिकेच्या दिवसांत आहे.

मराठी घेऊन बी.ए. केलं, मग बी.एड., आणि नोकरीला लागले. २०११ साली निवृत्त झाले. मराठी शिकवलं, शुद्धलेखन शिकवलं, निकाल चांगले लावले. आणि या सगळ्या वर्षांत मी चित्रकलेचे किती तास घेतले असतील, याचा हिशेब नाही. घेतले म्हणजे शिकवले नव्हेत. काढून घेतले! निबंध राहिलाय, व्याकरण मागे पडलंय, घटक चाचणी आलीय. चित्रकलेचे सर शांत होते, नाही म्हणत नसत. आणि शाळेत सगळेच असं करायचे, म्हणून मला त्यात वावगं वाटायचं नाही. आमचे गुरुजी मात्र स्वतःचा तास कोणाला देत नसत. दारात उभे राहून हसत म्हणायचे, "आठवड्यातून दोनदा तर येतो आम्ही." हे मला ठाऊक असूनही.

१९८८ सालची गोष्ट. नववीचा वर्ग, दुपारनंतरचा तास. वेळापत्रकात चित्रकला होती. मी आत गेले आणि निबंधाच्या वह्या काढायला सांगितल्या. मुलांनी मुकाट काढल्या. मागच्या बाकावरचा एक मुलगा मान खाली घालून काहीतरी करत होता. मराठीत कच्चा, गृहपाठ कधी नाही, दोनदा विचारल्याशिवाय उत्तर नाही. मी जाऊन पाहिलं तर चित्र काढत होता. बैल बसलेला, मान वळवून पाठीवरच्या माशा हाकणारा. मी ते पान वहीतून टरकन फाडलं, चुरगाळलं आणि वर्गासमोर म्हटलं, "याने पोट भरणार आहे का तुझं?" वर्ग हसला. तो काही बोलला नाही. त्याने फक्त रंगाचा ब्रश दप्तरात ठेवला. तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही, आता येतं, की तो त्या दिवशी घरून ब्रश घेऊन आला होता. कारण तास चित्रकलेचा होता. नियमाने तोच बरोबर होता, चुकीच्या तासाला मी आले होते.

तो ढ आहे, हे मला ठाऊक होतं. मान वळवलेला बसका बैल काढणं किती अवघड, हेही मला ठाऊक होतं, नव्हतं असं नाही. मला एका उभ्या बैलाची मान धरवत नव्हती! पण मला ते दिसलं नाही. जागा बदलून पाहायचं सुचलंच नाही.

गेल्या वर्षी भाच्याच्या वास्तुशांतीला मांडवगणला गेले होते. दुपारी पाय मोकळे करायला बाहेर पडले. वाटेत एका प्राथमिक शाळेच्या भिंती रंगवण्याचं काम चाललं होतं. बोलक्या भिंती म्हणतात ना, त्या. बाराखडी, फळं, महाराष्ट्राचा नकाशा, मराठी महिने. घोडीवर चढलेला माणूस मागे वळला, ब्रश दातांत धरून खाली उतरला आणि वाकून पाया पडला. "बाई, ओळखलं का?"

ओळखलं. केस पिकले होते, पण तो मागच्या बाकावरचाच. नदीच्या दोन्ही बाजूंच्या गावांत कामं घेतो म्हणाला. आधी दुकानांच्या पाट्या लिहायचा, मग फ्लेक्स आले आणि पाट्या गेल्या. चार वर्षं फार वाईट गेली. मग ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रंगवल्या, देवळं रंगवली, आता शाळा. मुलगी डिप्लोमाला आहे. मी नुसती ऐकत होते. मनात एकच चाललं होतं, की याला आठवतंय का? आणि आठवत असेल तर मी काय बोलू?

तोच म्हणाला, "बाई, तुमच्यामुळे निभावलं बघा. तुम्ही शुद्धलेखन पक्कं करून घेतलंत. बाकी पेंटरांच्या पाट्यांत चुका निघायच्या, माझ्यात नाही. गिऱ्हाईक म्हणायचं, याला लिहायला द्या, हा शिकलेला आहे." आणि मग संकोचून म्हणाला, "आलाच आहात तर एकदा भिंत वाचून घ्या."

मी भिंत वाचली. एका टोकाला बिबट्यापासून सावध राहण्याच्या सूचना, अंधारात एकटं बाहेर पडू नका वगैरे, झकास अक्षरात. मराठी महिन्यांत 'आषाड' लिहिलं होतं. मी म्हटलं, "ढगातला ढ." त्याने जीभ चावली आणि लगेच ब्रश बुडवला. खालच्या कोपऱ्यात एक बैल होता, बसलेला, मान वळवून पाठीवरच्या माशा हाकणारा.

मी विचारलं, "हा कुठून आणलास?"

"हा ना? हा येतो हाताला आपोआप. लहानपणापासून काढतो."

त्या क्षणी बोलायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं. पण माझ्यातली बाई आडवी आली. इतका वेळ ज्याने आभार मानले त्याच्यापुढे आपण छोटं कसं व्हायचं? मी म्हटलं, "छान आहे हो," आणि पर्समधून शंभराची नोट काढायला गेले, तर त्याने हात जोडले. घरी येऊन वास्तुशांतीचं जेवण गोड लागलं नाही.

तर चौथ्या प्रश्नाचं उत्तर असं. पुन्हा करायचं झालं तर मी तो तास घेणार नाही. आणि घेतलाच, तर ते पान फाडणार नाही. आणि फाडलंच, तर छत्तीस-सदतीस वर्षं थांबणार नाही.

काल नातीला जवळ बसवलं. देवघरातला तांब्या टेबलावर ठेवला आणि म्हटलं, "हा काढ." तिने तोंड गोल काढलं. अगदी वाटीने आखल्यासारखं! मी म्हटलं, "हे तुला ठाऊक आहे म्हणून काढलंस. इथून दिसतंय कसं?" ती बराच वेळ पाहत राहिली, मग खुर्चीवरून उतरून जमिनीवर बसली, तांब्या हनुवटीच्या उंचीला आला तशी ओरडली, "आजी, तोंड गेलं!" शाळेच्या कागदावर तिसऱ्या प्रश्नापुढे तिने हेच लिहिलं आहे. बाई किती गुण देतात ते पाहू.

भाद्रपदात पोळ्याला मांडवगणला जायचं ठरवलं आहे. नवा डोळा आहे, प्रवासाला हरकत नाही असं डॉक्टर म्हणाले. त्याच्या घरचा पत्ता भाच्याकडून घेतला आहे. नातीलाही नेणार आहे, तिला मातीचा बैल शिकायचा आहे. काडी कुठे घालायची ते मी सांगेन, मान वळवायची ती त्याच्याकडूनच शिकावी लागेल. त्याआधी त्याला जे सांगायचं ते सांगेन. धीर झाला नाही तर भाच्याच्या मोबाईलवर हेच वाचायला देईन.

शुद्धलेखनाच्या चुका आढळल्यास नेहमीप्रमाणे कळवा. डोळा अजून नवा आहे.